शुगरवाल्यांच्या पायांची आग: गोळी, वाटी आणि चप्पल

"तळपाय भगभगतात." "मुंग्या येतात." "कापसावर चालल्यासारखं वाटतं." "गोधडी टेकली तरी सहन होत नाही." "चप्पल पायातून कधी निसटली, कळलंच नाही." शुगरचा पेशंट दवाखान्यात ही वाक्यं एका दमात सांगतो आणि कागदावर एवढंच उतरतं: पाय दुखतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आग, मुंग्या, गोधडी नकोशी होणं, हे नसेचं ओरडणं. कापसावर चालणं आणि निसटलेली चप्पल, हे नसेचं गप्प होणं. ओरडणाऱ्या नसेसाठी गोळ्या आहेत. गप्प झालेल्या नसेसाठी गोळी नाही. तिथे डोळे, चप्पल आणि घरचं माणूस लागतं. आणि दोन्ही तक्रारी एकाच पायात एकाच वेळी असतात. रात्री ज्या तळव्याची आग होऊन झोप लागत नाही, त्याच तळव्यात सकाळी रुतलेला बाभळीचा काटा संध्याकाळपर्यंत कळत नाही.

म्हणून आग थांबली की पाय बरा झाला, असं समजू नये. शुगर तशीच वर आणि आग आपोआप गेली, तर बऱ्याचदा ती नस मेलेली असते.

सुरुवात बोटांपासूनच का?

केळीच्या बागेत ठिबकची लांब नळी टाकलेली असते. दाब कमी पडला किंवा नळीत क्षार साचले की सगळ्यात आधी शेवटचं झाड माना टाकतं, मोटारीजवळचं नाही. पायाच्या नसेचं तसंच आहे. तिच्या पेशीचं मूळ कमरेच्या मणक्याशेजारी आणि टोक अंगठ्यात, मध्ये जवळपास एक मीटर अंतर. टोकाला लागणारा सगळा माल या मुळाकडून पोचवावा लागतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसेला रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या खराब होतात, नसेच्या आत साखरेपासून तयार होणारं सॉर्बिटॉल साठतं, आणि टोकाकडचा पुरवठा आधी तुटतो. म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की मग हाताच्या बोटांची पाळी येते.

अर्धवट खराब झालेली टोकं कारण नसताना मेंदूकडे संदेश पाठवत राहतात. जमीन थंड असते, मेंदूला मात्र निखारा कळतो. रात्री दुसरं काही चालू नसतं, अंथरुणात ऊब असते, म्हणून ती आग रात्री मोठी वाटते.

ही ठेवण लक्षात ठेवा, कारण निदानात तीच उपयोगी पडते. एकाच पायात त्रास आहे, कमरेतून कळ उतरते, किंवा आग मांडीपासून सुरू झाली, तर शुगर असली तरी कारण दुसरं असू शकतं.

आधी हे तपासून घ्या

मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त चालू असेल तर ब१२ कमी झालेलं असू शकतं, कारण ही गोळी आतड्यातून ब१२ शोषून घेऊ देत नाही. त्यात घर माळकरी, मांस-मासे-अंडी वर्ज्य, म्हणजे दुहेरी तूट. ब१२ च्या कमतरतेतही पाय असेच भगभगतात. रक्तातला आकडा मिलिलीटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर भरपाई करायलाच हवी. सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), थायरॉइडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. यातलं क्रिएटिनिन दुहेरी कामाचं आहे: पुढच्या गोळ्यांची मात्रा त्यावर ठरते.

रोजची दारू असेल किंवा टीबीची औषधं चालू असतील तर न लाजता सांगा. टीबीच्या आयसोनियाझिड गोळीसोबत ब६ दिलं नाही तर नसा बिघडतात. अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. तो आजार आपल्याकडून गेलेला नाही आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.

रक्तपुरवठ्याचा प्रश्न वेगळा ओळखता येतो. शे-दोनशे पावलं चाललं की पोटरी आवळते आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत सुटते, तर ते नसेचं नाही, रक्तवाहिनीचं दुखणं. रात्री पाय पलंगावरून खाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटत असेल तर ते आणखी गंभीर. तिथे नसेच्या गोळ्या खात बसणं म्हणजे वेळ घालवणं. हातापायाच्या ब्लडप्रेशरची तुलना करणारी एबीआय तपासणी लागते, आकडा ०.९ च्या खाली असेल तर धमनी अरुंद झालेली असते.

एक उलटं वाटणारं कारण. कुणाची एचबीए१सी बारावर होती, इन्सुलिन सुरू झालं, तीन महिन्यांत आठवर आली, आणि पायांची आग अचानक भडकली. साखर फार झपाट्यानं उतरली की असं होतं. "इन्सुलिननं पाय बिघडवले" म्हणून इन्सुलिन बंद करणारे बरेच असतात. ते बंद करायचं नसतं. वेग कमी करायचा, आगीवर गोळी घ्यायची. काही महिन्यांत हे बहुधा शमतं.

गोळ्या: औषध बरोबर, मात्रा अर्धी

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल या आगीवर चालत नाहीत. त्या सूज आणि मुका मार यांसाठी आहेत. इथे सूज नाहीच, नसच खोटे संदेश पाठवते आहे. पॅरासिटामॉलचा फारसा तोटा नाही, पण डायक्लोफेनॅकची गोळी किंवा "दुखण्याचं इंजेक्शन" आठवड्याला घेणारा शुगरचा पेशंट आपली किडनी खर्ची घालतो आणि पायाला काहीच मिळत नाही.

खरोखर काम करणारी औषधं चार, आणि त्यातली दोन मूळची मानसिक आजारावरची, दोन फिटच्या आजारावरची. पाकिटातला कागद वाचून घाबरू नका. नसेचे खोटे संदेश दाबण्याचं काम त्याच मार्गानं होतं.

अमिट्रिप्टिलिन सगळ्यात स्वस्त. १० मिलिग्रॅमनं सुरुवात, झोपण्याच्या दीड-दोन तास आधी. दर एक-दोन आठवड्यांनी १० नं वाढवत २५ ते ५० पर्यंत. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, सकाळी डोकं जड. प्रोस्टेटमुळे लघवी अडकणारे, काचबिंदूवाले आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणारे यांनी ही टाळायची.

ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम, जेवणानंतर, एक आठवडा, मग ६०. उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि तिसऱ्या दिवशी पेशंट ती सोडून देतो. लिव्हर किंवा किडनी फार बिघडलेली असेल तर नको.

प्रीगॅबालिन ५० किंवा ७५ मिलिग्रॅम रात्री, आठवड्यानं दोन वेळा, मग दिवसाला १५० ते ३०० पर्यंत. गॅबापेंटिन तिची थोरली बहीण. ३०० नं सुरू करून दिवसाला ९०० किंवा त्याहून वर नेल्याशिवाय तिचा उपयोग बहुधा दिसत नाही. दोन्ही किडनीवाटे बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी. दोन्हींनी गरगरतं, वजन वाढतं, घोट्यावर सूज येते. ही सूज डॉक्टरांना सांगताना बाकीच्या गोळ्याही समोर ठेवा: शुगरची पायोग्लिटाझोन आणि बीपीची अम्लोडिपिन याही पायावर सूज आणतात, आणि तिन्ही एकत्र असल्या की पाय खांबासारखे होतात. दारू किंवा झोपेच्या गोळीसोबत या घेणं धोक्याचं, श्वास मंदावतो.

आता नेमकं चुकतं कुठे? प्रीगॅबालिन ७५ ची एक गोळी, पंधरा दिवस, फरक नाही, बंद. मग दुसरा डॉक्टर, गॅबापेंटिन १००, दहा दिवस, बंद. मग एखादा काढा. तीन औषधं "लागू पडली नाहीत" असं पेशंट सांगतो, पण एकही पुऱ्या मात्रेला पोचलेलं नसतं. सहन होईल तेवढ्या पुऱ्या मात्रेवर चार ते सहा आठवडे, हा साधा हिशोब आहे. रोज रात्री झोपताना शून्य ते दहामध्ये आगीला एक आकडा द्या आणि वहीत लिहा. आठाचे चार झाले तर औषध चांगलं चाललं असं समजायचं. शून्य मागणारा पेशंट चांगलं चाललेलं औषध सोडून देतो.

यातलं सरस कोणतं? २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांपैकी कशानंही सुरुवात केली आणि गरजेप्रमाणे दुसरं जोडलं, तरी गुण सारखाच आला. आणि एकानं भागलं नाही तेव्हा दुसरं जोडल्यानं फायदा झाला. म्हणजे निवड आगीवर नाही, तुमच्या बाकीच्या शरीरावर करायची. झोप नाही आणि किडनी बिघडलेली, तर एक. वजन आधीच जास्त आणि मन खचलेलं, तर दुसरं. फक्त जोडणी स्वतः करू नका. ड्युलोक्सेटिनमुळे अमिट्रिप्टिलिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आणि एकदम बंदही करू नका. प्रीगॅबालिन निदान आठवडाभर उतरवत सोडायची, नाहीतर झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबराघुबरा होतो. बाहेरगावी जाताना पाकीट घरी राहिलं की हे हमखास होतं. जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं बरीच स्वस्त मिळतात. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीत हा फरक मोठा असतो.

मिथाइलकोबालामिन, म्हणजे "नसांच्या ताकदीची" लाल गोळी, ब१२ कमी असेल तर औषध आहे. नसेल तर तिच्याकडून आग विझण्याची फार अपेक्षा नको. बऱ्याच पाकिटांत प्रीगॅबालिनसोबत तीच असते. ब६ मात्र जपून. रोज १०० मिलिग्रॅमहून जास्त ब६ महिनोन्महिने घेतलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं, आणि दोन-तीन ठिकाणच्या टॉनिकच्या गोळ्या एकत्र झाल्या की बेरीज कुणी करत नाही.

मिरचीचं मलम

नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे ढीग ओतले जातात तेव्हा डोळे-नाक झोंबतं ते कॅप्सायसिनमुळे. हेच द्रव्य ०.०७५ टक्के प्रमाणात मलमात मिळतं. ते कातडीतल्या बारीक नसांना इतकं डिवचतं की त्या काही काळ थकून गप्प होतात. हरभऱ्याएवढं मलम, दिवसातून तीन-चार वेळा, न चुकता. पहिला आठवडा आग वाढते आणि बहुतेक जण तिथेच ट्यूब फेकतात. गुण दोन ते सहा आठवड्यांनी येतो. लावल्यावर हात साबणानं धुवा, डोळ्याला हात नको, चिरलेल्या कातडीवर नको. घरच्या मिरचीचा लेप हा त्याला पर्याय नाही. त्यात द्रव्य किती हे माहीत नसतं, आणि बधिर कातडीवर फोड उठला तरी कळत नाही.

रात्रीसाठी, गोळीबरोबर

गोधडी टेकत नसेल तर पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचं मजबूत खोकं आडवं ठेवा, एक बाजू कापून टाका, पाय खोक्यात आणि गोधडी खोक्यावर. फुकटचा उपाय आहे आणि पहिल्याच रात्री कळतो. आग फार असेल तर माठातलं नव्हे, साध्या हौदातलं पाणी बादलीत घेऊन दहा मिनिटं पाय बुडवा. बर्फ नको, बधिर पायाला बर्फही भाजतो. अर्धा तास पाय भिजवले तर कातडी फुगते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. बाहेर काढल्यावर बेचक्या कोरड्या पुसा, तळव्याला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा, बेचक्यात काही लावू नका.

आता काशाची वाटी. तळव्याला तूप किंवा तेल लावून वाटीनं घासलं की वाटी काळी पडते आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "बघ, किती उष्णता निघाली!" ती उष्णता नाही. काशात तांबं आणि कथील असतं. तेल, घाम आणि घासणं यानं धातूचा काळपट थर सुटतो. पण वाटी निरुपयोगी आहे असंही नाही. घासल्यानं स्पर्शाचे संदेश जातात आणि तेवढा वेळ दुखण्याचे संदेश मागे पडतात. झोपेआधी आराम वाटतो, वाटू द्या. अटी तीन: कातडी अखंड हवी, वाटीची कड नव्हे तर बूड टेकवायचं, आणि पाच-सात मिनिटांत थांबायचं. झाल्यावर तेल पुसून मगच उठा, नाहीतर न्हाणीघरात पाय घसरतो. फिरत्या थाळीच्या मशीनवर पाय ठेवून झोपी जाणाऱ्यांचे घोटे सोलवटतात.

शेक मात्र पूर्ण बंद. तापवलेली वीट, मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, काही नको. अंघोळीचं पाणी कोपरानं तपासा, पायानं नाही. आणि बिब्बा! भेगेला, कुरूपाला, रुतलेल्या काट्याच्या जागी बिब्ब्याचं तेल लावायची सवय आपल्याकडे अजून आहे. बिब्बा कातडी जाळतो. चांगल्या पायाला चटका बसतो म्हणून माणूस हात आवरता घेतो. बधिर पायाला चटका बसतच नाही, आणि चौथ्या दिवशी तिथे खड्डा असतो. रुईचा चीक आणि दुकानातल्या कॉर्न कॅप (कुरूपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या) याही त्याच पंगतीतल्या.

गप्प पायाची राखण

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो. हा हवेचा आकडा. देवळासमोरची फरशी, डांबरी रस्ता, गच्ची त्याहून कितीतरी तापलेली असते. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांत शुगरवाले असतात आणि नवस अनवाणी जाण्याचा असतो. संवेदना गेलेल्या पायानं तो फेडू नये. देवीला मोज्यातले पायही चालतात. दर्शनाच्या रांगेतही जाड सुती मोजे घाला, फिकट रंगाचे, म्हणजे रक्ताचा डाग दिसेल.

शेतात कापसाच्या वेचणीला आणि पऱ्हाटी काढल्यावर उरलेल्या खुंटांमध्ये अंगठ्याची रबरी चप्पल कामाची नाही. अंगठ्याच्या बेचक्यातला पट्टा घासतो, आणि चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाची, वरून दोन रुंद वेल्क्रो पट्टे आणि टाचेमागे पट्टा असलेली चप्पल घ्या. तळ बोटानं दाबला तर दबायला हवा, पण खालचा थर काटा आरपार येणार नाही इतका कडक हवा. खरेदी संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते बघा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून तळवा आणि कडा बघा. लाल ठसा दिसला तर ती बदला. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, खिळ्याचं टोक, आणि आपल्याकडे विंचूही.

रोज रात्री तळवा पाहायचा: फरशीवर आरसा ठेवून, वाकता येत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून, किंवा सुनेला, नातवाला सांगून. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. कुरूप ब्लेडनं तासू नका.

कधी त्याच दिवशी निघायचं: जखम, पू, वास, काळं पडलेलं बोट, पायाच्या दुखण्यासोबत ताप. आणि एक फसवं चित्र: एक पाऊल अचानक सुजलं, लाल, हाताला दुसऱ्यापेक्षा गरम, पण दुखत फारसं नाही, जखमही नाही. मुरगळला असेल म्हणून माणूस त्यावर चालत राहतो. आत हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात. याला शार्को पाय म्हणतात. त्या पायावर वजन टाकणं त्या क्षणी थांबवा. एक्स-रे सुरुवातीला साधा दिसू शकतो, म्हणून "हाडाला काही नाही" एवढ्यावर घरी परतू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पट्टी बांधून देणाऱ्याकडे आठवडा घालवण्यापेक्षा तिकडची गाडी धरा.

घरी दोन मिनिटांची तपासणी

दवाखान्यात १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा वापरतात, वर्षातून एकदा तरी ते करून घ्या. घरी इप्सविच टच टेस्ट पुरते. तिला फक्त दुसऱ्याचं बोट लागतं. पेशंटला आडवं करा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. तर्जनीचं टोक बोटाच्या शेंड्याला हलकेच टेकवा, एक-दोन सेकंद. दाबू नका, घासू नका, टोचू नका, गुदगुल्या नकोत. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श कळला की पेशंटनं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. एका बोटाला एकदाच हात लावायचा, "आता कळलं का?" म्हणून पुन्हा लावला की उत्तर बिघडतं. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर पायाची राखण करणारी जाणीव गेली आहे असं धरायचं, मग रात्री आग असो वा नसो. निकाल भिंतीवरच्या कालदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत लिहा, सहापैकी किती, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांसोबत ते पानही न्या.